काळ्या दातांचं बोरन्हाण

माझी मुलगी जन्मली तीच अस्सल पुणेकर म्हणून. समोर जे ठेवाल ते आधी नाकारायचं, हा बाणा ती पोटातूनच घेऊन आली होती. मी अकोल्याची. आमच्याकडे पाहुण्याने तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं तर यजमानाला रात्रभर झोप लागत नाही. अशा घरातली मी, आणि माझ्या पोटी हे.

गाईचं दूध तिला चालत नसे. अंडं चालत नसे, गहू चालत नसे. शेंगदाणा आणि तीळ तर नुसते शेजारून गेले तरी तिच्या गालावर चट्टे उठायचे. कात्रजच्या डेअरीवरून आमची रिक्षा गेली की ती श्वास रोखून धरते, असं मी ऑफिसात सांगायचे आणि सगळे खरं मानायचे. आयटीतले लोक कशावरही विश्वास ठेवतात. दर वर्षी पगारवाढीच्या वेळी त्यांना जे सांगतात, तेसुद्धा ते खरं मानतात.

त्यातून जे थोडंफार तिला चालायचं, तेही ती ठेवून घेत नसे. जठराच्या तोंडाशी जो दरवाजा असतो तो हिचा अजून सैल आहे, वयाबरोबर आवळेल, असं बालरोगतज्ज्ञांनी समजावलं आणि त्याला रिफ्लक्स म्हणतात असं सांगितलं. सैल म्हणजे किती सैल, तर खडकवासल्याचे सगळे दरवाजे एकदम उघडल्यासारखा. नदीकाठच्या लोकांना निदान भोंगा वाजवून सावध तरी करतात. आमच्याकडे पूर्वसूचना नव्हती. सोफा, पडदे, नवऱ्याचा लॅपटॉप, बघायला आलेल्या पाहुण्यांच्या जरीच्या साड्या, सगळं पूररेषेच्या आत होतं.

आम्ही सदाशिव पेठेत राहायचो, सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये. बाळंतपणाची रजा संपल्यावर मी आणि नवरा कंपनीच्या बसने हिंजवडीला जायचो आणि दिवसभर बाळ सासूबाईंकडे असायचं. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या. अजूनही बोलताना समोरचा माणूस बाकावर उभा आहे असं धरूनच बोलतात. बाळाला काय चालतं आणि काय नाही, हे त्यांनी पाढ्यासारखं पाठ केलं होतं. कोणी नुसतं बिस्कीट पुढे केलं तरी त्या म्हणायच्या, "ठेवा खाली. तुम्हाला निस्तरायचं नाहीये." बिस्कीट तर खाली जायचंच, माणूसही दोन इंच खाली जायचा.

पहिली संक्रांत आली आणि बोरन्हाणाचा प्रश्न उभा राहिला. लहान मुलाला काळे कपडे, त्यावर पांढऱ्या हलव्याचे दागिने, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. पेठेतल्या मुलांना ते सगळं वेचायला बोलवायचं. पण बाजारातल्या हलव्याच्या पोटात तीळ किंवा खसखस. सासूबाई म्हणाल्या, "मी करते. साबुदाण्याचा."

आणि त्यांनी केला. परातीत साबुदाणा, खाली मंद आच, चमच्याने पाक सोडायचा आणि बोटांनी हलवत राहायचं, दाण्यावर काटा येईपर्यंत. बोटं पोळतात. त्यांची पोळली. तीन दिवस घरात कोणी पंखा लावायचा नाही, मोठ्याने बोलायचं नाही आणि माझ्या मते श्वासही बेताने घ्यायचा, कारण काटा मोडतो म्हणे. पण हलवा असा झाला की चांदण्या पाडून परातीत भाजल्यासारखा. मुकुट, बाजूबंद, हार, सगळं घालून आमची कन्या पाटावर बसली, हारातला एक दाणा तिने चाटला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याआधी फक्त ऑनसाइटला, म्हणजे परदेशी, पाठवलेल्या सहकाऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. चट्टा उठला नाही. ओकारी झाली नाही. सासूबाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या नातीला जगात एक गोष्ट चालत होती, आणि ती त्यांच्या हातची होती.

उन्हाळ्यात मला दिसलं की तिच्या वरच्या चार दातांवर, हिरडीलगत, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ आहे. पावसाळ्यात ती पिवळी झाली, आणि गणपतीच्या सुमाराला चहाच्या कपाच्या तळाशी गाळ राहतो तशा रंगाची.

पुण्यात रोग झाला की डॉक्टर लागत नाही. जिना उतरावा, निदान मिळतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तिचा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाल्या, "लोहाचं औषध देत असशील. त्याचे डाग. माझ्या भाच्याच्या मुलाला अमेरिकेत अगदी असंच झालं होतं." पेठेतल्या प्रत्येक काकूंचा एक भाचा अमेरिकेत असतो आणि त्याच्या मुलांना जगातले सगळे आजार आळीपाळीने होऊन गेलेले असतात.

"लोहाचं औषध देत नाही, काकू."

"मग त्यानेच झालं असेल. द्यायला हवं होतं."

माझ्या आईने फोनवर विचारलं, "काहून वो, पोरीचे दात घासत नाही काय?" घासत होते की. दर ओकारीनंतर घासत होते. तोंड आंबट राहू नये म्हणून लगेच, करपलेल्या कढईला लावावा तसा जोर लावून. नवऱ्याने मात्र खुर्चीतून न उठता प्रश्न निकालात काढला. "दुधाचे दात आहेत ना? ते व्हर्जन टेम्पररीच असतं. पुढचं रिलीज येईलच."

"कधी?"

"सहा-सात वर्षांनी."

"तोपर्यंत प्रॉडक्शनमध्ये काय चालवायचं?"

त्यावर तो हेडफोन लावून अमेरिकेशी बोलायला लागला. हा त्याचा ठरलेला उपाय. अमेरिका दुसऱ्या टोकाला असो वा नसो.

पहिल्यांदा गेलो ते बाणेरच्या दवाखान्यात. दवाखाना कसला, तारांकित हॉटेलची लॉबी म्हणा. माशांची एवढी मोठी काचपेटी की त्यातला एक मासा मला आमच्या एचआर मॅनेजरसारखा दिसला. तोंड हलतंय, शब्द काही नाही. डॉक्टर तरुण होता. त्याने मोठ्या पडद्यावर माझ्या मुलीचे चार दात मराठी चित्रपटाच्या पोस्टरएवढे करून दाखवले आणि म्हणाला, चारही दातांना कीड आहे, भूल देऊन साफ करायचे आणि पांढऱ्या टोप्या बसवायच्या. तोपर्यंत हे दात मजबूत करणारं क्रीम रोज लावा.

मी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचलं. ॲलर्जीचं मूल पदरात पडलं की बाई आयुष्यात दुसरं काही वाचत नाही. उदारीकरणाने आम्हाला काय दिलं म्हणाल, तर साऱ्या जगाची खोकी, आणि प्रत्येक खोक्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरातलं हे वाचन. क्रीममधला मुख्य पदार्थ दुधातलं प्रथिन होता.

"डॉक्टर, हिला दुधाची ॲलर्जी आहे. कागदावर पहिल्याच ओळीत लिहिलंय."

"मॅम, हे खायचं नाहीये. लावायचं आहे."

"दीड वर्षाची आहे ती. ती चप्पलसुद्धा खाते."

त्याने कागद पुन्हा पाहिला. माशानेही पाहिला. मग तो म्हणाला, "ओके, क्रीम होल्डवर ठेवू," आणि भूल देण्याची तारीख काढायला लागला.

ती तारीख घेण्याआधी मी बालरोगतज्ज्ञांना विचारलं, आणि तिथे माझी विनोदबुद्धी आयुष्यात पहिल्यांदा रजेवर गेली. ते म्हणाले, भूल देतातच मुलांना, घाबरू नका. पण हिचं पोटातलं वर येतं. बेशुद्धीत ते श्वासनळीत जायचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त. खबरदारी घेऊन करता येतं, पण थांबता येत असेल तर थांबा. आणखी वर्षभराने पोट सुधारेल.

"आणि कीड थांबेल का वर्षभर?"

"ते दातांच्या डॉक्टरांना विचारा. दाताच्या नसेपर्यंत गेली, पू झाला, ताप आला, तर मग पर्याय नाही. भूल द्यावीच लागेल."

म्हणजे शर्यत होती ती एवढीच: आधी पोटाचा दरवाजा आवळतो की आधी कीड नसेपर्यंत पोचते. आणि कीड रोज बसने ये-जा करत नव्हती. ती घरूनच काम करत होती.

शेवटी आमच्याच पेठेत, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, लहान मुलांच्या दातांच्या एक डॉक्टर निघाल्या. पुण्यात जवळची गोष्ट सापडायला आधी बाणेरला जाऊन यावं लागतं. साठीच्या बाई, मासे नाहीत, पडदा नाही, एक टॉर्च. आम्ही सगळे गेलो. नवऱ्याने हाफ डे टाकला आणि सासूबाई खांद्याला पर्स लावून तपासणी अधिकाऱ्यासारख्या आल्या.

डॉक्टरबाईंनी मुलीला माझ्या मांडीवर आडवं करून डोकं स्वतःच्या गुडघ्यांवर घेतलं, टॉर्च मारली, आणि म्हणाल्या, "दिवसभरात हिच्या तोंडात काय काय जातं ते सांगा. पाण्यासकट."

मी सांगितलं. तांदळाची पेज, मुगाचं पाणी, ज्वारी, भोपळा, डब्यातलं खास दूध. रात्री झोपताना त्याच दुधाची बाटली. पित्ताचं औषध. "ते गोड असतं?" हो, स्ट्रॉबेरीच्या चवीचं. ओकारीनंतर लगेच ब्रश.

"लगेच?"

"लगेच. जोरात."

"आम्लाने दात मऊ झालेला असताना त्यावर ब्रश. भिंतीचा गिलावा ओला असताना खराटा मारतात का तुमच्याकडे?"

नवरा म्हणाला, "डॉक्टर, म्हणजे रूट कॉज ब्रशिंग आहे का?"

"तुम्ही थांबा. अजून काय जातं?"

"दुसरं काही नाही," मी म्हणाले.

"तू ऑफिसात असतेस," सासूबाई म्हणाल्या, आणि पर्स उघडली. त्यातून त्यांनी मलमलच्या कापडाची एक पुरचुंडी काढली, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलीचा निकाल ठेवावा तशी टेबलावर ठेवली. "हे जातं. ओकलं की पोरीचं तोंड कडवट होतं, घशात जळतं, रडते. मी ही भिजवून चोखायला देते. गप्प होते. माझ्या घरचा हलवा आहे. ह्यात दूध नाही, गहू नाही, तीळ नाही, अंडं नाही. नुसती साखर आहे."



"संक्रांतीचा हलवा संपला नव्हता, आई?" मी विचारलं.

"संपला. मग मी परत केला. आणि परत. कोणी विचारलं नाही." त्यांनी बोटं पुढे केली. बोटांच्या टोकांवर पोळल्याचे जुने, नवे डाग होते, ओळीने.

आमच्या घराएवढं जागरूक घर महाराष्ट्रात नसेल. सगळे दारात उभे, दूध येतंय का, तीळ शिरतोय का, गव्हाने वेषांतर केलंय का. आणि साखर ओळखीची म्हणून तिला कोणी नावसुद्धा विचारलं नाही. नवऱ्याने बाणेरला जाताना तीन प्रकारचे अहवाल छापून घेतले होते. त्यात साखर हा शब्द नव्हता.

डॉक्टरबाईंनी पुरचुंडी उघडून पाहिली. मला वाटलं आता ह्यांना फाडणार. पण त्या म्हणाल्या, "काटा सुंदर आलाय. हल्ली कोणाला येत नाही." आणि ती कचऱ्याच्या डब्यात टाकली. माझ्या सासूबाईंना आयुष्यात एवढ्या कमी वेळात कोणी मान आणि अपमान दोन्ही दिले नव्हते. त्या खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ पर्सची चेन उघड-बंद करत राहिल्या.

मग उपाय. ओकारी झाली की साध्या पाण्याने ओल्या कापडाने पुसायचं, ब्रश नाही. अर्धा तास जाऊ द्यायचा. औषधानंतर पाणी. झोपताना बाटली बंद, अगदीच हवी तर पाण्याची. तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दूधविरहित, खोकं वाचून. "आणि दातांना मी आज एक औषध लावते. चांदीचं असतं. कीड जागच्या जागी थांबवतं. भूल नको, मशीन नको, मिनिटभराचं काम. थोड्या महिन्यांनी परत लावू. फक्त एक आहे. कीड जिथे आहे तिथे दात काळे होतील."

"काळे म्हणजे?" नवरा.

"काळे म्हणजे काळे. ग्रे, चारकोल असं काही नसतं."

"व्हाइटमध्ये येत नाही का?"

त्यांनी औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. मग सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीची जात आहे, डॉक्टर. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील दात काळे आहेत. बरोबरच म्हणतील. तुम्हाला दात पांढरे हवेत की पोरीची भूल टाळायची, ते ठरवा. बाहेर पेशंट आहेत."

ठरवायचं काय त्यात. मी म्हणाले, "लावा." सासूबाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित म्हणाले नसते.

मुलगी किंचाळली, नवऱ्याने तिचे हात धरले, आणि त्या औषधाचा थेंब त्याच्या तर्जनीवर पडला. बोट काळं झालं. मतदान करून आल्यासारखा तो पुढचे कितीतरी दिवस हिंजवडीत फिरला आणि निवडणूक नसताना कुठे मत देऊन आलास म्हणून लोकांनी त्याला हैराण केलं.

आणि दात. काय सांगू. इतके काळे की रात्री ती हसली की खोलीतला अंधार वाढायचा. आता पेठेचं खरं रूप दिसायला लागलं. दात किडत होते तेव्हा सगळे शांत होते. पांढऱ्या-पिवळ्या किडीचं कोणाला काही वाटलं नव्हतं. कीड थांबली आणि काळी पडली तशी लोकांना माझ्या मुलीची काळजी वाटायला लागली. लिफ्टमध्ये, वाण्याकडे, पोळ्यांच्या दुकानात. "अगंबाई, दात किडले वाटतं हिचे." एका गृहस्थांनी तर रस्त्यात स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं, पाहिलं, "मिश्री लावता का बाळाला?" असं विचारलं, हेल्मेट घातलं आणि गेले. उत्तराची त्यांना गरज नव्हती. नवऱ्याच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळीचा फोटो टाकला, तर कोणीतरी दात पांढरे करून तो परत पाठवला. खाली हात जोडलेले.

घरात मात्र सासूबाईंनी शाळा परत भरवली. दर ओकारीनंतर त्या घड्याळ बघायच्या आणि ब्रश स्वतःच्या कमरेला खोचून ठेवायच्या, मी चुकून उचलू नये म्हणून. औषधामागून पाण्याचा चमचा. रात्री बाटलीसाठी पोरगी पेठ हलवून सोडायची, तेव्हा मी दोनदा विरघळले. त्या नाही. "रडू दे. भूल देण्यापेक्षा बरं." साखरेचा डबा त्यांनी माळ्यावर टाकला. पोळलेली बोटं हळूहळू बरी झाली. हलव्याचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही.

दुसरी संक्रांत आली. त्याआधी डॉक्टरबाईंनी दात तपासले. टोकदार सळईने खरवडून पाहिलं. आधी जिथे सळई रुतायची तिथे आता टकटक आवाज आला. "दगड झालाय," त्या म्हणाल्या. "असंच ठेवा." बालरोगतज्ज्ञ म्हणाले होते की ओकाऱ्या निम्म्यावर आल्यात. म्हणजे शर्यत अजून संपली नव्हती, पण कीड जागच्या जागी उभी होती आणि दरवाजा आवळत होता.

"बोरन्हाण करायचं का?" मी विचारलं. मला वाटलं त्या नाही म्हणतील. काळे दात घेऊन पन्नास बायकांसमोर पाटावर.

"पाच वर्षांपर्यंत करतात. न करायला काय झालं?"

दागिने त्यांनी ज्वारीच्या लाह्यांचे केले. एकेक लाही सुईत ओवून मुकुट, बाजूबंद, हार. मला विचाराल तर हलव्यापेक्षा देखणे. पण हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांनी "मला ठाऊक आहे" म्हटलं असतं.

मुलगी काळा फ्रॉक घालून पाटावर बसली, डोक्यावरून बोरं पडायला लागली आणि ती हसली, तोंड भरून, चारही काळे दात काढून. बायकांमध्ये कुजबूज झाली. खालच्या काकू पुढे आल्या आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाल्या, "वहिनी, दात फारच काळे झालेत हो पोरीचे."

सासूबाईंनी मुकुट सारखा केला. "संक्रांतीला काळंच घालतात," त्या म्हणाल्या. "फ्रॉकवर मॅचिंग आहेत."

काकूंना तेवढ्याने समाधान नव्हतं. "पुसून बघितलंस का कधी? वरचा थर असेल," असं मला म्हणत त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ते बोट सरळ पोरीच्या तोंडात घालून वरचे दात चोळले.

पोरीने तोंड मिटलं.

काकू ओरडल्या त्या लकडी पुलापर्यंत ऐकू गेल्या असतील. बोट सुटायला वेळ लागला. पदराच्या कापडाला अर्धवर्तुळात चार भोकं पडली होती, नीट, अंतरा-अंतरावर, शिवणयंत्राने पाडल्यासारखी. सासूबाईंनी ते कापड हातात घेतलं, उजेडाकडे धरून एकेक भोक तपासलं आणि काकूंच्या खांद्यावर परत ठेवलं.

"चारही पक्के आहेत," त्या मला म्हणाल्या. "डॉक्टरांना सांग."